गोल कोपऱ्यांसाठी चित्रांचा भार कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील काही संगणक प्रशिक्षण वर्गांत वेबपानावरील चौकटीचे कोपरे गोल करण्यासाठी आजही चार कोपऱ्यांची चार चित्रे कापून टेबलात, म्हणजे पानावरील तक्त्यात, बसवायला शिकवतात, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या आठव्या आवृत्तीपर्यंत कोपरे गोल करणारा ‘बॉर्डर-रेडियस’ हा सीएसएसमधील (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) गुणधर्म चालतच नव्हता, तेव्हा हा खटाटोप समजण्यासारखा होता. फायरफॉक्ससाठी ‘मॉझ’ आणि सफारी-क्रोमसाठी ‘वेबकिट’ असे उपसर्गही या गुणधर्माच्या नावाआधी लावावे लागत. मात्र २०११ मध्ये आलेल्या एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीने हा गुणधर्म स्वीकारला आणि आजच्या सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये तो उपसर्गाविना चालतो. आता बारा पिक्सेलची गोलाई हवी असेल तर एकच ओळ पुरते. तिथेच ५० टक्के लिहिले की चौरस छायाचित्र वर्तुळाकार दिसते. एखाद्या जुन्या ब्राउझरमध्ये कोपरे चौकोनी राहिले तरी मजकूर नीट वाचता येतो, आणि वाचकाला तेच हवे असते. तालुक्याच्या गावी नेटवर्क रेंगाळत असताना बाजारभाव पाहू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर निव्वळ सजावटीची चित्रे उतरवायला लावणे मला अन्यायाचे वाटते. प्रशिक्षण वर्गांनी येत्या सत्रापासूनच हा धडा बदलावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, लातूर