पास खळीने लाव

डोंबिवली
रविवार, सकाळ

चि. मनी,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी फोनवर तू तुझ्या आजोबांचा, अण्णांचा, मिलचा पास मागितलास आणि मी "बघतो" म्हणून विषय बदलला. तुला ते लागलं असणार. मला नाही म्हणायचं नव्हतं, पण पटकन हो म्हणायला जीभ रेटेना. चार दिवस झाले, पेटी उघडतो, पास हातात घेतो, परत ठेवतो. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या चित्रांबद्दल. तू पाठवलेले दोन्ही फोटो मी आणि आईने मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. पहिल्यात गेटवे, काळीपिवळी आणि डबलडेकर आहे. हात सफाईदार आहे, पण मनी, ती मुंबई पाहुण्याने पाहिलेली वाटते. जुन्या डिझेलच्या डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात बंद झाल्या, पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सीही गेल्या. तेव्हा सगळ्यांनी त्यांचे फोटो काढले, आणि तुझ्या चित्रात त्याच फोटोंची कात्रणं आलीत. आपण टॅक्सीत बसलो ते तुला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा, रात्री दोनला. ती रात्र त्या चित्रात कुठेच नाही.

दुसरं चित्र मात्र पाहिलं आणि आई उठून आत गेली. चाळीची गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेली खरी चादर आणि वर निळ्या ताडपत्रीचा तुकडा. जुलैत कौलांवर ती ताडपत्री टाकायची आणि तरी गळायचं तिथे पातेलं ठेवायचं. रात्री पातेलं भरत आलं की थेंबाचा आवाज बदलायचा, मग आई न सांगता उठायची. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. हे तुझ्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

तू सांगितलेलं मी विसरलो नाही. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि भोवती दोरखंडाची चौकट केली. हॅनोव्हरचे श्विटर्स ट्रामची तिकिटं, रस्त्यावरचे कपटे गोळा करून चित्रं करायचे, आणि आपल्या सगळ्या कामाला त्यांनी दिलेलं 'मर्झ' हे नाव एका बँकेच्या जाहिरातीतल्या शब्दाचा कापलेला तुकडा होतं. आणि तुमच्या बडोद्याचे भूपेन खख्खर मूळचे मुंबईचे, शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट, साठच्या दशकात तिथे गेले आणि देवांच्या छापील तसबिरींचे तुकडे चिकटवून चित्रं करू लागले. तसल्या तसबिरी गिरगावात आमच्या बाइंडिंगच्या दुकानाशेजारी ढिगाने विकायला असायच्या. त्यांच्याकडे मी कधी निरखून पाहिलं नाही, आता वाटतं पाहायला हवं होतं.

चित्रातलं मला कळत नाही, पण चिकटवण्यातलं कळतं. पंधराव्या वर्षापासून तेच केलंय. तेव्हा एवढं माझ्याकडून घे.

तुझी फळी पावसात पापडासारखी वाकली म्हणालीस. वाकणारच. खळ लागली की कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना आक्रसतो. एकाच बाजूला कागद असला की तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून पाठीलाही तितक्याच जाडीचा कागद लाव, आणि दोन्ही कागदांची दिशा एकच ठेव. कागद हलकेच दुमडून बघ, ज्या बाजूने तो कुरकुर न करता वळतो ती त्याची दिशा. मग रात्रभर वजनाखाली ठेव. पंख्याखाली वाळवू नकोस.

वर्तमानपत्राचे तुकडे वापरतेस, पण तो कागद लाकडाच्या लगद्याचा, उन्हात तो पिवळा पडून तडकतो. तो पिवळेपणा तुला हवा असेल तर ठीक. नको असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लाव. बेस्टची ती जुनी पातळ, रंगीत तिकिटं, कंडक्टरच्या चिमट्याने भोक पाडलेली, त्यातलं एक आधी कोपऱ्यावर ओलं करून बघ. शाई पसरली तर सगळी जातील आणि आता ती मिळत नाहीत. ताडपत्रीला फेविकॉल लावू नकोस. प्लास्टिकवर तो धरत नाही, वर्षभरात पापुद्रा सुटतो. ती शिव. दाभणाने आधी भोकं पाड, दोऱ्याला मेण लाव आणि टाके दिसू देत. कठड्याला आपणही ती सुतळीने शिवूनच बांधायचो.

आता पास.

साडेतीन बाय अडीच इंचाचा पुठ्ठा आहे, कोपरे मऊ पडलेत. पुढे अण्णांचा फोटो, त्यावर गोल शिक्क्याची अर्धी कड, खाली तिकीट नंबर. खात्याच्या जागी 'साचे', म्हणजे माग, असं लिहिलंय. हे तुला आठवत असेल. पाठ तू पाहिलेली नाहीस. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर होते आणि त्यांत अण्णाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. संप मागे घेतला असं कुणी कधी अधिकृतपणे सांगितलंच नाही. त्यामुळे अण्णा कितीतरी महिने पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, दाढी करून बसायचे. पासही खिशात असायचा. त्या दिवसांत पासच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात वाण्याची उधारी लिहिलीय. तांदूळ, रॉकेल, चहा पावडर. दोन ओळींवर काट मारलीय, म्हणजे तेवढे पैसे फिटले. खाली एकच शब्द आहे, 'वह्या'. त्यावर काट नाही. त्या वह्या माझ्या होत्या.

तू पास फेविकॉलने फळीवर बसवलास तर ही पाठ गेली. फेविकॉल एकदा वाळला की कागद फाटेल, पण सुटणार नाही. माझं अडलं होतं ते इथे. पास तुझ्या चित्रात जावा असं मला मनापासून वाटतं. ती मिल गेली, आपली चाळही गेली, पेटीत तो कोण बघणार? पण अण्णांचं अक्षर माझ्या हाताने मिटवलं जावं, ते मला सोसणार नाही.

काल रात्री उपाय सुचला. घाटकोपरच्या अतुल दोडियांनी दुकानांच्या शटरवर चित्रं केली, शटर वर केलं की आत दुसरं चित्र दिसतं, असं तूच मला सांगितलं होतंस. तीस वर्षं रोज सकाळी मी शटर वर केलंय, त्यामुळे ते माझ्या डोक्यात बसलं. तसंच पासचं कर. पूर्ण चिकटवूच नकोस. चिवट, पातळ टिश्यू कागदाच्या दोन पट्ट्या घे, बोटाच्या पेराएवढ्या. वरच्या कडेला बिजागरीसारख्या लाव, अर्धी पट्टी पासच्या पाठीला आणि अर्धी फळीला. पेन्सिलीची ओळ कडेपासून अर्धा इंच खाली सुरू होते, तेवढी जागा पुरते. लावायला खळच घे. चमचाभर मैद्याला सहा चमचे पाणी, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर ढवळत राहा. दुधी रंग जाऊन काचेसारखी झाली की उतरव आणि गार झाल्यावर गाळ. दुकानात आम्ही कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचो, तू घालू नकोस. ते विषारी आहे आणि एवढ्याशा कामाला ताजी खळ पुरते. खळीचं बरं म्हणजे कधी पास काढावासा वाटला तर ओल्या बोळ्याने पट्टी सुटते.

मग चित्रापुढे उभा राहिलेला माणूस पास बोटाने उचलून मागचं वाचू शकेल. चित्राला हात लावू देतात की नाही हे तू तुझ्या सरांना विचार. मला विचारशील तर लावू द्यावा.

आईने तुझ्यासाठी मेतकूट आणि कुळथाचं पीठ काढून ठेवलंय. पास मी पोस्टाने पाठवणार नाही. पुढच्या शनिवारी स्वतः घेऊन येतो, माझं दाभण आणि कागद दाबायची हाडाची पट्टीही आणतो. तोवर फळीवर साडेतीन बाय अडीचची जागा मोकळी ठेव, आणि वरच्या अंगाला रंग जाड लावू नकोस, पट्टी बसायला हवी.

तुझे बाबा