सूचना : अझेलियाच्या कुंड्यांबाबत

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात नर्सरीतून अझेलिया (फुलांचं झुडूप) आणलेल्यांसाठी. फुलं ओसरली असतील तर छाटणी आत्ताच उरकून घ्या. पुढच्या बहराच्या कळ्या नव्या फुटीच्या शेंड्याला धरतात; पावसाळ्यानंतर कात्री लावली की कळ्याच जातात.

आपली काळी माती मात्र त्याला मानवत नाही. तिच्यात चुना, आणि अझेलियाला हवी आम्लधर्मी माती, म्हणजे सामू (पीएच) ४.५ ते ६. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेला पालापाचोळा जास्त ठेवा. बोअरच्या जड पाण्याने पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. पावसाचं साठवलेलं नाहीतर एसीचं ठिबकणारं पाणी द्या. राख, अंड्याची टरफलं बिलकूल नकोत. मुळं वरच्यावरच असतात, त्यामुळे खुरपंही लांबच ठेवा.

सकाळचं कोवळं ऊन पुरे. पारा चाळिशीपार गेला की कुंडी शेडनेटखाली हलवा आणि माती वाळू देऊ नका. खरं सांगायचं तर सोलापुरात हे हौसेचंच झाड. बिनकटकटीची फुलं हवीत तर मोगरा आहेच.

कोकोपीट एकत्र मागवतोय. किती हवं ते रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.