विषय: तरण तलावाच्या फाटकाला बांधलेली दोरी (पत्र तिसरे)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

स.न.वि.वि.

आधीच्या दोन्ही पत्रांना आपले उत्तर एकच आले, 'बघू'. म्हणून हे तिसरे.

तलावाचे फाटक आपोआप मिटावे म्हणून आपण सगळ्यांच्या वर्गणीतून स्प्रिंग बसवली. ए-१०२ चे गृहस्थ मात्र सकाळी पोहायला येतात तेच निळी नायलॉनची दोरी घेऊन, आणि फाटक खांबाला बांधून टाकतात. सारखे ढकलायचा कंटाळा, म्हणे. दुपारी बारालाही दोरी तशीच. रविवारी तिच्यावर आपला पंचा वाळत होता. असो.

त्यांच्या कोरफडीच्या कुंड्याही कुंपणाला चिकटून आहेत. (त्यांची बुलेट दोन वर्षे माझ्या जागेत लागते, तो विषय वेगळा.) गुरुवारी माझी तीन वर्षांची नात त्यातल्या कुंडीवर चढली. मी पोचलो तेव्हा तिचा एक पाय कुंपणाच्या आडव्या पट्टीवर होता. मुलांसोबत मोठे माणूस हवे हा नियम मला पाठ आहे, पण मी बाकावरच पेपर चाळत होतो, त्यामुळे तो इथे लागू होत नाही.

मेलबर्नला मुलाकडे होतो. तिथे ३० सेंटिमीटरपेक्षा खोल पाणी असले की कुंपण लागते, तेही किमान १.२ मीटर उंच. गजांमधली फट १० सेंटिमीटरच्या आत, फाटक तलावाच्या उलट दिशेला उघडणारे. पाय ठेवून चढता येईल अशी वस्तू जवळ चालत नाही. फाटक अडकवून उघडे ठेवणे हा तर गुन्हाच. यावर आपण म्हणालात, 'हे सोलापूर आहे.' खरे आहे. इथे नळाला चार-चार दिवस पाणी नसते, तलाव मात्र काठोकाठ, आणि मे महिन्यात पारा ४३ वर गेला की सगळी पोरे तिकडेच धावतात. लहान मूल बुडताना ओरडतसुद्धा नाही.

बी विंगमधल्या सर्वांचे हेच मत आहे. सह्या घेतल्या नाहीत, कुणाला वाईटपणा नको. पण लिफ्टमध्ये सगळे बोलतात.

कुंड्या हलवाव्यात, खटका दीड मीटरवर बसवावा. दोरी शुक्रवारपर्यंत निघाली नाही, तर मी कापीन. पंचा तेवढा आधी काढून घ्यावा.

आपला,
बी-३०४