चिपळूणची कुलूपबंद घरं उघडायला हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. फेब्रुवारीत बदली होऊन चिपळूणला आले, तेव्हापासून भाड्याचं घर शोधते आहे. सध्या एका मैत्रिणीच्या खोलीत राहते. आई परभणीला एकटीच आहे. घर मिळालं की तिला घेऊन यायचं, एवढ्यावर सगळं अडलं आहे.

बाजारपेठ, चिंचनाका भागात तळमजल्याच्या खोल्या मिळतात, भाडंही परवडण्यासारखं असतं. पण २२ जुलै २०२१ चा पूर इथे कोणी विसरलेलं नाही. एका आजोबांनी खोली दाखवताना, मी न विचारताच, दाराच्या चौकटीवर हात उंचावून सांगितलं, "बाय, इथवर होतं पाणी." विजेचा मीटर त्यांनी मुद्दाम पार छताजवळ चढवून घेतला आहे. त्यांच्या खरेपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माझ्या आईला गुडघेदुखीमुळे जिना धड चढता येत नाही. वाशिष्ठीचं पाणी रात्री चढलं आणि मी रात्रपाळीला असले, तर तिला कोण वर नेणार?

म्हणून पाग, खेंड अशा उंचावरच्या भागात फिरले. तिथे भाड्याच्या आधी आडनाव विचारतात, मग "गाव कुठलं", मग "तुमच्यात काय खातात". मिस्टर कुठे असतात, रात्री किती वाजता येणार, हेही ओघाने आलंच. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर "आताच एकांना शब्द दिलाय" असं ऐकलं. त्यातल्या एका घरावरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पंधरा दिवसांनीही तशीच होती. ज्यांच्या घरच्या माणसांना मी सलाइन लावते, त्यांना माझं आडनाव चालत नाही, हे फार लागतं.

आणि याच आळ्यांमधून कितीतरी चांगली घरं वर्षानुवर्षं बंद आहेत. मालक मुंबईला, किल्ली शेजाऱ्यांकडे. अशाच एका घरासाठी मी डोंबिवलीच्या मालकांना फोन केला. माणूस सज्जन, पण म्हणाले, "भाडेकरू ठेवला की घर गेलं." ही भीती जुनी आहे आणि मला ती खोटी वाटत नाही. मात्र तिच्यावरचा उपाय कायद्यातच आहे, तो लोकांपर्यंत पोचलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि जास्तीच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मिळते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून भागतं, हा समज चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी टाळणारे मालक स्वतःचंच नुकसान करून घेतात. मुद्रांक शुल्क अवघं पाव टक्का आहे आणि नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी मुंबईहून इथे यावं लागत नाही. माझ्यासारखीलाही गॅस, बँक, आधारच्या पत्त्यासाठी तोच कागद लागतो.

माझी विनंती एवढीच, की गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात त्या दिवसांत नगरपरिषद आणि दुय्यम निबंधक कार्यालयाने मिळून माहिती द्यायला एक टेबल मांडावं. आपल्या वृत्तपत्रानेही हे नियम सोप्या भाषेत छापावेत. इथे पेपर वाचून झाला की मुंबईला फोन जातोच.

डोंबिवलीच्या काकांना मी कलम २४ चा मजकूर पाठवला आहे. ते अजून नाही म्हणालेले नाहीत. गणपतीला येतो, तेव्हा समोरासमोर बोलू, म्हणाले. तोवर पावसाळ्याचे महिने आईला परभणीलाच काढावे लागतील.

– एक परिचारिका, चिपळूण