रोल मी भरला होता, काका

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

ठाकूरद्वारच्या गल्लीतला तुमचा स्टुडिओ आठवला की आधी वास येतो. फोटो धुवायच्या हायपोचा आणि अ‍ॅसिडचा, आंबूस. 'आलीस का फोटोवाल्यांकडून?' असं आई विचारायची ते माझ्या फ्रॉकला येणाऱ्या त्या वासावरूनच.

१९८४ साल. मी नववीत होते. शाळेतून येताना रोज तुमच्या शोकेससमोर रेंगाळायचे. एक दिवस तुम्ही आत बोलावलंत आणि लाल दिव्याखाली ट्रेमध्ये एक कोरा कागद सोडलात. "हलव. हळू. पाळणा हलवतात तसा." अर्ध्या मिनिटात केस उमटले, मग भुवया, मग एका अनोळखी बाईचा अख्खा चेहरा. त्या दिवशी लागलेलं वेड आज पंचावन्नाव्या वर्षीही उतरलेलं नाही.

शिकवायला बसलात असं तुम्ही कधीच केलं नाहीत. काम करता करता बोलायचात, मी टिपून घ्यायचे. मे महिन्यात नळाचं पाणी इतकं तापायचं की डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं द्रावण, २० अंशांवर ठेवायला तुम्ही परातीत बर्फ घालून त्यात बाटली उभी करायचात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेनं लेन्सला बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेल. निळे खडे गुलाबी पडले की स्वयंपाकातून बाद झालेल्या कढईत गरम करायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. ती कढई माझ्याकडे आजही आहे.

'पोरीच्या हातात कशाला कॅमेरा देताय?' असं चाळीतल्या एकानं विचारलं, तेव्हा तुम्ही फोटोग्राफर होमाई व्यारावालांचं नाव घेतलंत. आपल्याच मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली बाई. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा फडकला तो तिनं टिपला, असं सांगून तुम्ही पुन्हा कात्रीनं फोटोच्या कडा कापायला लागलात. मी मात्र ते नाव वहीत लिहून ठेवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाल्याचं वाचलं तेव्हा पहिली आठवण तुमची झाली.

आता मुख्य गोष्ट. ताईच्या साखरपुड्याला रंगीत रोल परवडणारा नव्हता, म्हणून तुम्ही तुमचा झेनिट आणि एक कृष्णधवल रोल माझ्या हाती दिलात. विटेसारखा जड कॅमेरा. घाईघाईत मी तो जिन्यातच भरला. ३६ फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तुम्ही टाकीतून फिल्म बाहेर काढलीत, ती काचेसारखी पारदर्शक. मला रडू फुटलं. तुम्ही फिल्म दिव्यासमोर धरलीत आणि शांतपणे म्हणालात, "कडेचे आकडे आलेत, म्हणजे डेव्हलपर बरोबर आहे. फिल्म चाकात अडकलीच नाही. लिव्हर ओढताना डावीकडचं बटण फिरतंय का, ते बघायचं." बस. एवढंच. त्यानंतर आजवर एकही रोल मी ते बटण पाहिल्याशिवाय पुढे सरकवलेला नाही.

त्या रविवारी तुम्ही दुकान बंद ठेवलंत. रविवार हा स्टुडिओचा कमाईचा दिवस, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ठाण्याहून भावजींना बोलावून घेतलंत, ताईला तीच साडी नेसायला लावलीत आणि दोघांना आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं केलंत. मला वाटलं, आता तुम्हीच काढणार. पण कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलात आणि स्वतः थर्माकोलचा पांढरा तक्ता घेऊन ताईच्या बाजूला वाकलात, तिच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. "शटरचा वेग साठच्या खाली उतरवू नकोस, हात हलेल." पहिल्या फोटोला माझा हात थरथरत होता. पाचव्याला स्थिर झाला.

घरात मला कुणी चकार शब्द बोललं नाही. आत्याचा स्वभाव पाहता हे नवलच होतं, पण मी सुटले म्हणून गप्प राहिले. गेल्या महिन्यात ताईकडे जुने अल्बम काढून बसलो होतो, तेव्हा ती सहज बोलून गेली, "काका त्या रविवारच्या आदल्या रात्री घरी आले होते ना. म्हणाले, रोल मी भरून दिला होता, चूक माझी. पोरीला काही बोलू नका."

काका, मला हे चाळीस वर्षं माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मला घरात दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि कॅमेरा सुटला असता, याची मला पुरेपूर खात्री आहे. पुढे बँकेत नोकरी केली, संसार केला, पण रविवार माझा राहिला. शिवडीचे फ्लेमिंगो, बाणगंगेच्या पायऱ्या, लालबागची मिरवणूक, सगळं तुम्ही गळ्यात अडकवलेल्या त्या पट्ट्यामुळे. तुमचे उपकार मानायला मी इतका उशीर केला, त्याबद्दल माफी असावी.

डोळ्यांचं ऑपरेशन नीट झाल्याचं धाकट्याकडून कळलं. येत्या रविवारी डोंबिवलीला येते. ताईची ती निगेटिव्ह बटर पेपरमध्ये जपून ठेवली होती, ती परवा बाथरूममध्ये एन्लार्जर, फोटो मोठा करून छापायचं यंत्र, मांडून नव्यानं छापली. डावीकडच्या कडेला थर्माकोल धरलेली तुमची चार बोटं आहेत. तेव्हा छापताना तुम्ही ती कापून टाकली होतीत. या वेळी मी कापलेली नाहीत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची पोरगी