केळीचा करपा आणि मोबाईलची काळजी

मा. संपादक, स.न.वि.वि.

एआयला खरंच समजतं का यावर हल्ली बरंच छापून येतंय म्हणून लिहितोय. आमची चोपडा तालुक्यात केळी आहे. परवा पोराने करपा पडलेल्या पानाचा फोटो मोबाईलमधल्या एआयला दाखवला, तर त्या एआयने रोग बरोबर ओळखला, फवारणी सांगितली आणि वर लिहिलं, 'तुमची काळजी मी समजू शकतो'. रोग ओळखला ते मान्य, पण काळजी? वादळात घड लागलेली बाग आडवी झाली की पोटात कसा गोळा येतो ते त्याला कुठून कळणार, अशा वेळी माणसं काय लिहितात तेवढं त्याने ढीगभर वाचून ठेवलंय.

जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने १९८० मध्ये हेच मांडलं होतं. चिनी अजिबात न येणारा माणूस खोलीत बसवा, नियमांचं पुस्तक द्या, तो नुसती चिन्हं जुळवून बरोबर उत्तरं बाहेर देईल आणि बाहेरच्यांना वाटेल गडी चिनी बोलतो. यावर काहीजण म्हणतात माणसाला नाही पण आख्ख्या खोलीला मिळून समजतं. मला नाही बुवा पटत.

हे सगळं पोराला ऐकवलं तर तो म्हणे, "आप्पा, मना मनमां काय चालू शे ते तुमले तरी कोठे समजस?" गप्पच बसलो. फवारणी मात्र मोबाईलने सांगितली तीच केली.

– एक केळी उत्पादक, ता. चोपडा