जाताना रेल्वे, येताना विमान

पुणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आपण सर्वांनी केरळला जायचे हे ठरून महिना होत आला, पण जायचे कसे हा प्रश्न अजून तसाच आहे. फोनवर विषय निघाला की बाबा म्हणतात, "रेल्वेच बरी, विमानाला उगाच पैसे कशाला घालायचे," आणि आई म्हणते, "तुम्ही ठरवाल तसे." पुढचे बोलणे तुमच्या नातवाच्या गडबडीत राहून जाते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. दोघांनी एकत्र बसून वाचावे, आणि न पटेल ते मला स्पष्ट कळवावे.

खरे सांगायचे तर मी आधी विमानाच्याच बाजूने होते. ठाण्याहून मुंबई विमानतळ, तिथे दोन तास आधी पोहोचणे, मग कोचीपर्यंतचे साधारण दोन तासांचे उड्डाण आणि सामान हाती येईपर्यंतचा वेळ, असे सगळे धरले तरी सहा-सात तासांत आपण नेदुंबासेरीच्या विमानतळाबाहेर असतो. नेत्रावती एक्स्प्रेसने हाच प्रवास जवळजवळ चोवीस तासांचा होतो. शिवाय तीन वर्षांपूर्वी लग्नाला जाताना झालेली ती रात्र माझ्या मनातून गेलेली नाही. मी घाईत चौघांची तिकिटे एकत्र काढली आणि तुम्हा दोघांना वरचे बर्थ आले. बाबा, समोरच्या तरुण मुलाला जागा बदलून मागायला तुम्हाला संकोच वाटला, आणि तुम्ही रात्रभर दाराजवळ बॅगेवर बसून राहिलात. पहाटे मला जाग आली तेव्हा तुम्ही दुखऱ्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहत होतात. त्यानंतर सहाच महिन्यांत त्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती रात्र पुन्हा तुमच्या वाट्याला येऊ द्यायची नाही, एवढे मी तेव्हाच ठरवले होते.

मग माझे मत का बदलले? मागच्या महिन्यात घरी आले होते तेव्हा बाबा नातवाला कोकण रेल्वेची गोष्ट सांगत होते. संगमेश्वरला जायचे म्हणजे ठाण्याहून रात्रीची एस.टी. धरायची, कशेडी घाटात पोटात ढवळायचे, पहाटे अंग आंबलेल्या अवस्थेत गावी उतरायचे. आणि मग २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला आणि गाव जवळ आले. साधारण ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. उक्षी आणि भोके यांच्या मधला साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा हाताने दाखवता दाखवता तुम्ही जेवणाच्या टेबलाच्या दोन्ही टोकांना पोहोचलात. बाबा, ते ऐकताना मला जाणवले की तुम्ही रेल्वे म्हणता ते केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. तुम्हाला तो रस्ता नातवाला खिडकीतून दाखवायचा आहे. तसे असेल तर खर्चाचे निमित्त पुढे न करता तेच सांगा, कारण पैशाचे कारण मला मान्य नाही आणि हे कारण पूर्णपणे मान्य आहे.

तेव्हा जाताना रेल्वेनेच जाऊ, पण ती मी म्हणते त्या पद्धतीने. तिकिटे वातानुकूलित टू टायरची काढू, म्हणजे मधल्या बर्थची भानगडच उरत नाही. तुमच्या दोघांचे तिकीट मी वेगळे काढणार आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी खालच्या बर्थचा जो राखीव कोटा असतो, तो एका तिकिटावर त्या वयाचे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. आम्हा तिघांची नावे त्यात घातली की तो हातचा जातो. मागच्या वेळी मला हेच ठाऊक नव्हते. आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडते, आणि नाताळची गर्दी लक्षात घेता त्याच दिवशी सकाळी तिकिटे काढावी लागतील. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे बाबांना आजही खटकते आणि मलाही खटकते. पुरुषांना चाळीस आणि स्त्रियांना पन्नास टक्के सूट ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यासाठी तुम्ही स्लीपरने जाण्याचा विषय काढू नये, ही विनंती.

ठाण्याला गाडी थांबत असली तरी आपण लोकमान्य टिळक टर्मिनसवरूनच बसू. ठाण्याला काही मिनिटांत सामानासह पाच माणसांनी चढायचे, त्यात डब्याच्या त्या उभ्या पायऱ्या आणि मागून लोटणारी माणसे. टर्मिनसवर गाडी आधी लागलेली असते, दांडी धरून, एकेक पायरी घेत सावकाश चढता येते. दुपारच्या आत गाडी सुटली की महाडच्या बाजूचे डोंगर, चिपळूण, संगमेश्वर हे सगळे उजेडात दिसेल. रात्री आईला उठावे लागले तर तिने मला हाक मारावी. रक्तदाबाबरोबर जी लघवीची गोळी चालू आहे, तिची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आपल्या मनाने गोळी चुकवू नका. आई, मागच्या वेळी तू ती चुकवली होतीस हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी आपण कोचीजवळच्या आलुव्याला उतरू आणि ती रात्र तिथेच, पेरियार नदीच्या काठी काढू. मुन्नारची चार-पाच तासांची घाटवाट त्याच दिवशी धरायची नाही, यावर मी ठाम आहे.

आता परतीचे. आठवडाभर फिरून थकल्यावर पुन्हा चोवीस तास गाडीत बसणे कोणालाच सोसणार नाही, म्हणून कोचीहून विमानाने येऊ. डॉक्टरांना मी फोन केला होता आणि त्यांची काही हरकत नाही. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे आणि तिथे तुम्ही दोघे गेल्याच वर्षी मजेत फिरलात. उतरताना कानांत दडे बसल्यासारखे होते, त्यासाठी आईने आवळकाठी जवळ ठेवावी आणि आवंढे गिळत राहावे. बाबा, तुमच्या गुडघ्यातल्या धातूमुळे सुरक्षा तपासणीत यंत्र वाजेल, तेव्हा घाबरू नका. शस्त्रक्रियेचा कागद वरच्या खिशात ठेवा आणि शांतपणे सांगा. व्हीलचेअर मी तिकिटाबरोबरच मागवणार आहे. तुम्हाला चालता येते हे मला माहीत आहे. प्रश्न चालण्याचा नाही, सुट्टीच्या गर्दीत तासभर रांगेत उभे राहण्याचा आहे. वजनाला साधारणपणे मोठ्या बॅगेत पंधरा आणि हातात सात किलो चालते, त्यामुळे केळ्याचे वेफर्स आणि वेलची-मिरी यांची खरेदी त्या हिशेबाने करू. औषधे मात्र हातातल्या पिशवीतच हवीत.

एक गोष्ट फक्त आईसाठी. तू "तुम्ही ठरवाल तसे" म्हणालीस, पण मागे एकदा गच्चीत कपडे वाळत घालताना वर पाहून म्हणाली होतीस, "एकदा ढग वरून कसे दिसतात ते बघायला हवे." तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. रात्रीची विमाने थोडी स्वस्त आहेत, पण मी दुपारचेच पाहिले आहे. सारखे उठावे लागेल म्हणून कडेची जागा दे, असे तू म्हणशील. ते नको. खिडकीशी तू बस, मधे तुझा नातू बसेल आणि कडेला मी. तुला जितक्या वेळा उठायचे असेल तितक्या वेळा आम्ही दोघे उठू.

आईच्या आधार कार्डावर आडनावाआधी बाबांचे नाव आहे की नाही, ते पाहून दोन्ही कार्डांचे फोटो पाठवा. तिकिटावर नाव अगदी तसेच हवे.

तुमचे जावई नमस्कार सांगतात.

तुमची लेक